पेटी चरख्यावर सूत सारखं तुटतं, गोव्याच्या दमट हवेमुळे होत असेल का?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला राहता, ऑनलाइन पेटी चरखा मागवला, दीड महिना रोज अर्धा तास बसताय, हातभर सूत निघतं आणि तुटतं, कापूस मेडिकलमधून आणलेल्या रोलचा वापरताय, आणि चरखा पाठवणाऱ्याने फोनवर सांगितलं की गोव्याच्या हवेत असंच होणार, घाटावर असता तर जमलं असतं. तर आधी एवढंच सांगते की हवेला दोष देऊ नका. कापसाचा तंतू दमट हवेत कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो, ओला कापूस कोरड्यापेक्षा जास्त ताण घेतो. म्हणून तर सूतगिरणीत मुद्दाम हवेत ओलावा ठेवतात, हवा कोरडी पडली की तंतू एकमेकांपासून लांब पळतात आणि सूत जास्त तुटतं. तुमचं सूत तुटतंय ते पेळूमुळे, म्हणजे कातायला हातात धरतो त्या कापसाच्या वळकटीमुळे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसंच आहे हे.

मी फोंड्याची. आम्ही सात-आठ जण महिन्यातून दोन रविवारी एकीच्या घरी वसरीवर जमतो आणि कातायला बसतो, त्यात दोन रिटायर्ड शिक्षिका आहेत, एक बँकेतले काका आहेत, एक कॉलेजची मुलगी आहे. सुरुवातीला मीसुद्धा मेडिकलचाच रोल वापरला, पांढराशुभ्र असतो, मऊ लागतो, याच्यापेक्षा चांगला कापूस काय असणार असं वाटायचं. तीन आठवडे तेच, हातभर सूत आणि तुकडा. एकदा रडकुंडीला येऊन चरखा उचलून मावशींकडे घेऊन गेले (आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या, सगळे मावशीच म्हणतात). त्यांनी चरख्याकडे बघितलंच नाही, आधी विचारलं, कापूस कुठला?

एक करून बघा. वाटीत पाणी घ्या आणि मेडिकलच्या रोलचा एक बोळा त्यात टाका, लगेच पाणी पिऊन खाली बसतो. झाडावरून काढलेला कापूस टाका, तो तरंगत राहतो, दाबून धरला तरी वर येतो. कारण कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा अगदी पातळ थर असतो. मेडिकलच्या कापसाला रक्त-पाणी शोषायचं असतं म्हणून सोड्यात उकळून, ब्लीच करून तो थर काढून टाकलेला असतो. आणि कातताना एका तंतूने दुसऱ्यावरून अलगद सरकायचं असतं, ते काम हे मेणच करतं. ते गेलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात, ओढलं की एकदम गठ्ठा येतो नाहीतर तुटतो. शिवाय तो कापूस बऱ्याचदा आखूड तंतूंचा असतो. गादीवाल्याकडच्या कापसाची गत त्याहून वाईट, तो किती वेळा पिंजलेला असेल ते देवाला माहीत.

मावशींनी त्या दिवशी मला त्यांच्या परसातल्या देवकापसाची बोंडं दिली. गोव्यात कापसाची शेती होत नाही पण देवळाच्या आवारात, घराच्या मागे वातींसाठी एखादं देवकापसाचं झाड अजून सापडतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल तर मागून बघा, नाही कुणी म्हणणार नाही. त्यांनी एक सुकलेलं बोंड उघडलं, एक सरकी काढली आणि सरकीभोवतीचा कापूस दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू बाहेर विंचरला, इतका की सरकीच्या चारही बाजूंनी तंतू उभे राहिले, सूर्याचे किरण काढतो ना लहानपणी चित्रात, तसे. मग एका टोकाचे चार-पाच तंतू चिमटीत धरून पिळले आणि ओढत गेल्या, सरकीवरून थेट सूत निघायला लागलं. चरखा नाही, टकळी नाही, काहीच नाही. टीचभर झालं, दोन टीचा झालं, सरकी उघडी पडेपर्यंत तुटलं नाही. मी बघतच राहिले कारण माझी आजी वाती वळताना डिट्टो हेच करायची, सरकी काढायची, बोटांनी कापूस विंचरायची, बोटांना जरा राख लावायची आणि वळायची. मी शंभरदा बघितलं होतं आणि ही कताईच आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमच्याही घरात वाती वळणारं कुणी असेल तर अर्धी कताई घरातच आहे असं समजा.

आता पेळू. सरकी काढण्यासाठी आम्ही पोळपाट आणि लोखंडी सळई वापरतो, कापूस पाटावर ठेवायचा आणि सळई वरून दाबून लाटत पुढे न्यायची, सरकी पुढे सटकते आणि कापूस मागे राहतो. त्याआधी कापूस तासभर उन्हात ठेवायचाच, ऊन लागलं की तो फुलतो आणि सरकी सहज सुटते. मग तो बोटांनी उकलायचा, एकेक गुठळी सोडवायची, पानाचे तुकडे, काडीकचरा काढायचा. हे कंटाळवाणं वाटतं आणि इथेच सगळे घाई करतात, पण गप्पा मारत करायचं हेच काम आहे, आमचा निम्मा रविवार यातच जातो. मग पिंजायचं. पूर्वी धनुकलीच्या तातीवर पिंजत, पिंजारी दारावर येत, ते आता दिसत नाहीत. आम्ही बारीक वाकड्या तारांचे दोन ब्रश वापरतो, कुत्र्या-मांजराचे केस विंचरायचे मिळतात तेच, दोनशे-तीनशे रुपयांत काम होतं. एका ब्रशवर थोडाच कापूस पसरायचा, तारा झाकल्या जातील एवढाच, आणि दुसरा ब्रश त्यावरून अलगद ओढायचा, तारा तारांत घुसवायच्या नाहीत. घासलं की तंतू तुटतात आणि मोहरीएवढ्या गोळ्या होतात, त्या गोळ्या मग सुतात शेवटपर्यंत दिसतात. पिंजताना तोंडाला मास्क बांधा प्लीज, कापसाची धूळ फुप्फुसाला वाईट, गिरणी कामगारांना त्यानेच दम्यासारखा आजार व्हायचा.

पिंजलेल्या कापसाचा ढगासारखा पातळ थर पाटावर ठेवायचा, विणायच्या सुईवर गुंडाळायचा, वरून तळहात एकदा-दोनदा फिरवायचा आणि सुई ओढून काढायची. झाला पेळू. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब. दाबून घट्ट केलात तर मेहनत वाया, प्रकाशात धरला तर थोडा आरपार दिसला पाहिजे.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण खुद्द गांधीजींची गाडी याच जागी अडली होती. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले, कातणारे लोक पण तयार झाले, पण पेळू कुठून आणायचे? उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतले पेळू पाठवले, काम सुरू झालं, पण गांधीजींना ते पटेना, गिरणीचा पेळू चालतो तर गिरणीचं सूत का नको? मग गंगाबेननी पिंजारी शोधला, त्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले, त्या काळात, आणि गांधीजींनी ते मान्य केले. त्याने पिंजलेल्या कापसाचे पेळू करायला मग गंगाबेननी काही पोरांना शिकवलं. तुम्ही ज्या पेटी चरख्यावर बसताय तो तर बराच नंतरचा, १९३० च्या सुमारास येरवडा तुरुंगात त्याला रूप आलं, म्हणून त्याला यरवडा चक्र पण म्हणतात.

चांगला पेळू हातात आला तरी पहिले काही दिवस सूत तुटेलच, पण मग ते का तुटलं ते तुम्हाला वाचता येईल. तुटलेलं टोक बघायचं. टोक पिसासारखं विरत गेलेलं असेल, तंतू नुसते सुटून आलेले, तर पीळ कमी पडला, म्हणजे हात मागे जास्त जोरात गेला आणि चाक हळू फिरलं. टोक कट्कन तुटलेलं आणि सूत स्वतःभोवती गुंडाळी करत असेल तर पीळ जास्त झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, जास्त पिळलेलं सूत नंतर कितीही ओढलं तरी सरळ होत नाही, तेवढा तुकडा तोडून टाकायचा आणि पुढे जायचं. आणि प्रत्येक वेळी चातीच्या (सूत जिच्यावर गुंडाळतो ती फिरणारी टोकदार सळई) टोकाशीच तुटत असेल तर कापूस, हात सगळं ठीक आहे, टोक खरखरीत आहे, बारीक पॉलिश पेपर फिरवा. माझ्या चरख्याची चात आली तीच किंचित वाकलेली होती, फिरवली की टोक थरथरायचं, ते बदलून घेईपर्यंत काही उपयोग झाला नाही, तुमची पण एकदा फिरवून डोळ्यासमोर धरून बघा.

पेळू धरायचा तो इतका सैल की दुसऱ्याने ओढला तर चिमटीतून निघून गेला पाहिजे. नवीन माणूस घाबरून आवळून धरतो, मग पीळ बोटांच्या आत शिरतो आणि पेळूचीच दोरी होते. हात मागे नेताना सुतात जाड-बारीक जागा दिसतील, त्यांना घाबरू नका. पीळ आधी बारीक जागी जाऊन बसतो, जाड जागा मऊच राहते, त्यामुळे तुम्ही हळू ओढत राहिलात तर जाड जागाच ताणली जाते आणि सूत आपोआप एकसारखं होतं. मला हे कळायला वर्ष लागलं, मी जाड जागा दिसली की थांबून बोटांनी दाबत बसायचे. हातभर ओढून झालं की हात थांबवा, चाकाला एक-दोन फेरे जास्त द्या आणि मग चातीवर गुंडाळा. तो शेवटचा पीळ विसरला तर गुंडी, म्हणजे सुताची लड, करताना फाळक्यावर (लड गुंडाळायची चौकट) सूत सटासट तुटतं.

तुम्ही विचारलंय टकळीने सुरुवात करू का. करा, हो. पितळी चकतीची साधी टकळी स्वस्त असते आणि तिच्यावर दोन्ही हातांची कामं वेगळी करता येतात, आधी पीळ द्या, मग ओढा. आमच्यातल्या बँकवाल्या काकांचे वडील जानव्याचं सूत टकळीवरच कातायचे, चार बोटांभोवती शहाण्णव फेरे, मग तिहेरी करून पुन्हा पीळ, परत तिहेरी, नऊ पदर. काका अजून तसंच करतात आणि त्यांच्या सुतासारखं एकसारखं सूत आमच्यात कुणाचंच नाही.

गुंडी तयार झाली की ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा. पहिल्यांदा मी पातेल्यात बघितलं तर पाणी चहासारखं झालं होतं, पांढऱ्या सुतातून एवढं काय निघालं कळेना. ते मेण आणि बाकीचं मळकट. कातेपर्यंत मेण हवं, कातून झालं की नको, नाहीतर रंग बसत नाही. उकळल्यावर पीळ पण जागच्या जागी बसतो.

आता दमट हवेबद्दल. पावसाळ्यात त्रास होतोच, पण तो वेगळा. पेळू ओल धरतात, जड होतात, बसतात. एका वर्षी मी जुलैत कपाटात कापडी पिशवीत ठेवलेले पेळू चवथीच्या साफसफाईत काढले तर काळे ठिपके आणि कुबट वास, सगळे फेकले. आता पावसाळ्याआधी कापूस कडक उन्हात वाळवून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवते, औषधांच्या डब्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या जमवून त्यात टाकते, आणि पेळू एका वेळी आठवड्यापुरतेच करते. चातीला गंज चढतो, काम झालं की शिलाईमशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. चाकाच्या दोऱ्या ढिल्या पडतात आणि चात चाकाच्या मागे राहते, आपल्याला वाटतं पीळ देतोय आणि पीळ जातच नाही, जूनमध्ये सूत अचानक तुटायला लागलं तर आधी दोरी बघा.

कापूस कुठून आणायचा तर देवकापूस मिळाला तर उत्तम. नाहीतर हुबळी-धारवाड आपल्याला जवळ, तिकडे कापूसही पिकतो आणि खादीचं कामही मोठं आहे, राष्ट्रध्वजाचं खादीचं कापडही तिकडे तयार होतं. तयार पेळू वर्धा-सेवाग्रामकडून पार्सलने मागवता येतात. पहिल्या महिन्यासाठी तयार पेळू घ्याच, म्हणजे चांगला पेळू हाताला कसा लागतो ते कळेल. सावरीचा कापूस मात्र नको, एप्रिलमध्ये रस्त्याभर उडतो आणि मोह होतो, पण त्याचा तंतू आखूड आणि काचेसारखा गुळगुळीत असतो. कापसाचा तंतू सुकताना स्वतःभोवती वळतो म्हणून दुसऱ्याला धरून राहतो, सावरीचा तसा वळत नाही. उशीत भरा, छान उशी होते.

आणि शिकवणारं कुणी आहे का म्हणालात, तर आम्ही आहोत. म्हापशाहून पणजीला बस बदलून फोंडा, दीड-दोन तास धरा. मेसेज टाका, पुढचा रविवार कळवते. येताना चरखा आणा, तो मेडिकलचा रोल घरीच ठेवा, आणि चातीवर तुटलेल्या सुताचे जे तुकडे असतील ते काढून टाकू नका, मावशी आधी तेच मागतील.