इंदूरहून मनालीजवळ ओंडक्यांचं घर बांधतोय. दारांच्या चौकटी भिंतीला पक्क्या ठोकू का?

नाही, अजिबात ठोकू नका. आपल्या सुतारांना विटांच्या भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्यांनी) चौकट गच्च बसवायची सवय. ओंडक्यांची भिंत मात्र वाळताना खाली बसते, कारण लाकूड जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओल्या लाकडाला फुटामागे पाऊण इंच धरा, म्हणजे ७ फुटी दारावर सव्वापाच इंच फट. ती नसली की वरचे ओंडके चौकटीवर टेकतात, दार घासतं आणि बाजूचे सांधे उघडून गार वारा आत. दाराच्या बाजूच्या ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडून तीत लाकडी पट्टी सरकती ठेवा, चौकट फक्त पट्टीला स्क्रू करा. फटीत लोकर, झाकणफळी वरच्या ओंडक्यालाच ठोका. लाकूड पुरतं वाळवलेलं असेल तर फट कमी चालते, पण विक्रेत्याच्या शब्दावर नको, मीटरने ओलावा मोजा.