डब्यात घर थाटताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कंटेनरच्या घराबद्दल बडोद्याच्या वाचकांची बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : पादरा रस्त्याला आमची छोटी जमीन आहे. चाळीस फुटी एकच कंटेनर ठेवून दोघांपुरतं घर करायचं आहे. डबा विकणारा म्हणतो, हे बांधकाम नव्हेच, परवानगी लागत नाही. खरं का? (मांजलपूर)

उत्तर : डबा ट्रेलरवर आहे तोवर त्याचं खरं. पायावर उतरवून नळ, वीज, संडास जोडला आणि त्यात माणसं राहू लागली, की ते घरच. जमीन शेतीची असेल तर आधी बिनखेती करून घ्या. मग हद्द ज्यांची असेल त्यांच्याकडे, म्हणजे महानगरपालिका, वुडा (बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण) किंवा ग्रामपंचायतीकडे नकाशा घेऊन जा.

गाडी अडते ती मात्र मापांवर. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर हवी. एसीच्या खोलीला २.४ मीटर उंची चालते. साध्या कंटेनरची आतली रुंदी २.३५ आणि उंची २.३९ मीटर असते, म्हणजे अस्तर लावण्याआधीच तो नापास. हायक्यूब, म्हणजे फूटभर जास्त उंच डबा, घेतलात तर उंची २.६९ मिळते, रुंदी तेवढीच राहते. त्यात दोन्ही भिंतींना ५० मिमी पफ (उष्णता अडवणारा कडक फोम) आणि १२ मिमी बोर्ड बसवला की २.२२ मीटर उरतात. पाच फुटी डबल बेड लांबीत टाकला तर एका बाजूला सव्वादोन फुटांची वाट राहते. आडवा टाकला तर पायथ्याशी जेमतेम वीतभर. दोघांपैकी रात्री उठणारा कोण, ते आधी ठरवा.

म्हणून जागा आणि पैसे असतील तर दोन हायक्यूब शेजारी-शेजारी ठेवा आणि मधल्या दोन्ही भिंती हव्या तेवढ्याच कापा. भिंत कापताना एक गोष्ट कारागिराला बजावून सांगा. कंटेनरचं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतं हे सगळे जाणतात, पण लांब बाजूचा घडीदार पत्रा हा स्वतःच तुळई असतो. वरची चौकोनी नळी फार तर ६० मिमीची असते. पत्रा काढला की ती एकटी बारा मीटर पेलू शकत नाही. त्यामुळे आधी मोकळी जागा जिथे हवी तिथे चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करायची, अडीच-तीन मीटरवर खांब द्यायचे आणि मग ग्राइंडर लावायचा. उलट क्रमाने केलं तर वरची कड खाली झुकते, आणि खिडकी बसवायला आलेला सुतार कोन जुळत नाही म्हणून तासभर रंधा मारत बसतो.

प्रश्न : मे महिन्यात त्यात राहता येईल का? दोन टनांचा एसी लावला तर पुरेल? (वाघोडिया रस्ता)

उत्तर : एसीचा हिशोब शेवटी करा. उघड्या चाळीस फुटी डब्याचं छत सुमारे ३० चौरस मीटरचं. उन्हाने पत्रा ६५ अंशांवर गेला आणि आत ३० अंश ठेवायचे म्हटलं, तर नुसत्या छतातून सहा किलोवॉटच्या आसपास उष्णता उतरते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे तुमचे जवळजवळ दोन टन छतालाच गेले, भिंती अजून बाकीच. त्याच पत्र्यावर ५० मिमी पफ घातला की हा आकडा अर्ध्या किलोवॉटच्या आत येतो.

पफ आतून मारावा की बाहेरून? आमच्या मते छताला बाहेरून, पॅनलच्या रूपात. आतली उंची वाचते आणि पत्रा तापतच नाही. त्याच्यावर एक-दीड फूट मोकळी हवा सोडून दुसरं पत्र्याचं छप्पर घाला आणि ते चारी बाजूंनी तीन-चार फूट पुढे काढा. भिंतींवर सावली पडते, पावसाचा ताशा थेट डोक्यावर वाजत नाही आणि दोन डब्यांमधली सांधही झाकली जाते. सांध नुसती सिलिकॉनने बुजवली तर उन्हात पत्रे प्रसरण पावून ती दोन पावसाळ्यांत उघडी पडते.

भिंतींना आतून फवाऱ्याचा पफ चालेल, पण दोन अटी आहेत. पहिली, वेल्डिंगचं सगळं काम पफच्या आधी संपवायचं. मागाहून एक बिजागरी वेल्ड करायला गेलात तरी आतल्या आत पफ पेट घेऊ शकतो. दुसरी, पफ उघडा ठेवायचा नाही, वर सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम हवाच. बोर्डाचा लोखंडी सांगाडा थेट पत्र्याला टेकवू नका, मध्ये लाकडी पट्टी द्या. नाहीतर ज्या ओळीत सांगाडा, त्या ओळीत भिंत गरम. डबा ठेवताना लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवलीत तर पश्चिमेचं ऊन फक्त अरुंद बाजूला लागतं. यासाठी एक पैसाही पडत नाही, आणि तरी निम्मे लोक रस्त्याकडे तोंड हवं म्हणून हे सोडून देतात.

प्रश्न : जानेवारीत पहाटे छतातून थेंब पडतात. पाऊस नसताना! दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. (सावली)

उत्तर : तिसऱ्यांदा करू नका. ते पाणी बाहेरचं नाही, तुमचंच आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तरी अर्ध्या लिटरच्या आसपास भर पडते. थंडीत रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. तुमच्या छतात जिप्समवर काचेची लोकर अंथरलेली असेल तर वाफ तिच्यातून सहज वर जाते, पत्र्याला लागून पाणी होते आणि स्क्रूच्या भोकांतून टपकते. एक जिप्सम पाटा उतरवून बघा : लोकर वरून ओली आणि खालून कोरडी असेल तर निदान पक्कं. भिजलेली लोकर काढून टाका आणि पत्र्याला चिकटणारा पफ मारून घ्या. ओट्यावर बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. हवा आतल्या आत फिरवणारी चिमणी इथे कामाची नाही. झोपताना समोरासमोरच्या दोन झडपा बोटभर उघड्या ठेवा.

प्रश्न : विश्वामित्रीचं पाणी येणाऱ्या भागात कंटेनर ठेवावा का? लोखंडी आहे, जड आहे, वाहून थोडाच जाईल? (एक वाचक)

उत्तर : जाईल. वीस फुटी डब्याचा तळ १४.८ चौरस मीटर. फर्निचरसकट तो साडेचार टनांचा धरला तर तळापासून फक्त ३० सेंटिमीटर पाणी चढलं की तो तरंगू लागतो. दारांतून पाणी आत शिरेपर्यंत, म्हणजे पाणी झपाट्याने वाढत असताना, हे घडतं. ऑगस्ट २०२४ चा पूर ज्या गल्लीने पाहिला तिथे आम्ही ठेवणार नाही. ठेवायचाच असेल तर पुराच्या खुणेच्या वर चढवा आणि चारही कोपरे पायातल्या पोलादी पाट्यांना वेल्ड करा किंवा ट्विस्ट लॉकने, म्हणजे कोपऱ्याच्या भोकात फिरवून बसणाऱ्या खिट्टीने, अडकवा.

पाया करताना काळी माती असेल तर दीड फुटी चौथरे चालत नाहीत. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डबा तिरका होऊन दारं अडकतात. बल्बचे पाइल, म्हणजे खाली फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, जमिनीत करा : साडेतीन मीटर खोल, दांडा २५ सेंमी, बल्ब सुमारे ६२ सेंमी. वीस फुटीला कोपऱ्यांत चार, चाळीस फुटीला मध्ये आणखी दोन. तोच बल्ब पुरात डब्याला खालून धरूनही ठेवतो. डब्याचा तळ जमिनीपासून दोन फूट वर राहू द्या, म्हणजे संडासाचा पाइप १:४० उताराने नेता येतो आणि खालचा गंज दिसतो. पाइपसाठी भोक पाडताना खालच्या आडव्या दांड्या कापू नका. त्या फूटभर अंतरावर असतात, भोक दोहोंच्या मध्ये बसतं.

प्रश्न : जुना डबा घेताना काय बघावं? (करजण)

उत्तर : भर दुपारी आत उभं राहून दारं लावून घ्यायला सांगा. दोन मिनिटांनी डोळे सरावले की भोकं ताऱ्यांसारखी दिसतात. छतावर खोलगट पोचे असतील तर सोडून द्या, तिथे पाणी साचून गंज धरतो. दारावरच्या पाटीवर बनावटीची तारीख असते, आणि जमिनीच्या प्लायवुडला कोणतं कीटकनाशक मारलं आहे तेही नोंदलेलं असतं. २८ मिमीचं ते प्लायवुड आत काय-काय सांडलेलं पिऊन बसलेलं असतं. उग्र वास येत असेल तर ते उखडून नवं घाला. वास नसला तरी इपॉक्सीचे दोन हात मारून मगच फरशी. डब्याचा भाव ठरवताना हायड्राचं (उचलणाऱ्या क्रेनचं) आणि ट्रेलरचं भाडं वेगळं विचारा, आणि चाळीस फुटी ट्रेलर तुमच्या शेताच्या वळणावर वळतो का ते आदल्या दिवशी जाऊन पाहून या.

प्रश्न : पावसात दाराच्या कडीला हात लागला की मुंग्या येतात. (पत्ता दिलेला नाही)

उत्तर : हे वाचताक्षणी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. बहुधा बोर्डाचा स्क्रू वायरीत घुसला आहे, किंवा कापलेल्या पत्र्याच्या धारेवर वायर घासली आहे. अशा प्रत्येक भोकात रबरी बुश हवाच. डब्याला दोन विरुद्ध कोपऱ्यांतून २५×३ मिमी जीआय पट्टीने अर्थिंग द्या, पट्टी जोडण्याआधी तिथला रंग खरवडून काढा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघत जा.