तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: घंटी वाजली की पुन्हा सहा

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगबद्दल दोन पानं छापली आणि वाटलं होतं कोण वाचणार, पण प्रश्न आले, तेही बहुतेक दोनच ठिकाणांहून, एक तर सिडनीकडची आपली मंडळी आणि दुसरे कबड्डीवाले. कबड्डीवाले का, ते खाली कळेलच.

प्रश्न: आम्ही सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिलला राहतो, मुलगा पॅरामॅटा ईल्सचा पक्का फॅन. मॅच चालू असताना मध्येच घंटी वाजते, रेफरी हात फिरवतो आणि हा "सिक्स अगेन" म्हणून ओरडतो. शेजारी म्हणतात हे पूर्वी नव्हतं. मला कबड्डी कळते, हे कळत नाही. (एक आई)

ताई, कबड्डी कळते ना, मग निम्मं काम झालं. एका बाजूला १३ जण, बॉल हातात घेऊन पुढे घुसायचं आणि समोरच्यांनी पकडून पाडायचं. पाडलं की एक टॅकल मोजला. असे सहा होईपर्यंत बॉल तुमचा, सहाव्यानंतर समोरच्यांचा, म्हणून पाचवा झाला की टीम बहुतेक वेळा लांब किक मारून मोकळी होते. पडलेला गडी उठतो, बॉल जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे. तेवढ्या वेळात बचाव करणाऱ्यांनी १० मीटर मागे पळत जाऊन पुन्हा लाइन लावायची असते.

आता खरी गंमत त्या "तेवढ्या वेळात" मध्ये आहे. पाडलेल्या माणसाच्या अंगावर जितका वेळ लोळत राहाल तितका वेळ तुमच्या बाकीच्यांना मागे जायला मिळतो, मग कोण कशाला लवकर उठेल. मेलबर्न स्टॉर्मने तर यासाठी जिउ-जित्सूचा कोच ठेवला होता, म्हणजे आपल्याकडे कबड्डीच्या टीमने तालमीतून वस्ताद बोलवावा तसं. हळूहळू सगळ्याच टीम हे शिकल्या आणि खेळ बघताना असं वाटायला लागलं की रग्बी कमी आणि चटईवरची कुस्ती जास्त चाललीय.

२०२० पर्यंत अशा लोळण्याला शिक्षा होती पेनल्टी. पण पेनल्टी म्हणजे शिट्टी, खेळ थांबला, बॉल साइडलाइनबाहेर मारा, चालत चालत तिकडे जा, पाणी प्या. ज्यांनी चूक केली त्यांनाही दम घ्यायला मिळायचा, ११० किलोच्या माणसाला तेवढी अर्ध्या मिनिटाची विश्रांती म्हणजे देवच भेटला. २०२० मध्ये ठरलं की यापुढे अशा चुकीला शिट्टी नाही, घंटी वाजवायची, टॅकलची मोजणी परत पहिल्यापासून सुरू आणि खेळ थांबवायचाच नाही. तेच तुमच्या मुलाचं सिक्स अगेन, म्हणजे पुन्हा सहा.

प्रश्न: २०२० मध्ये सीझन चालू असतानाच नियम बदलला असं वाचलं. दोन मॅच एका नियमाने आणि बाकीच्या दुसऱ्या, हे कसं चालतं? (सांगली)

चाललं खरं, कारण वर्षच तसं होतं. २०२० चा एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा) सीझन १२ मार्चला सुरू झाला, दोन राउंड झाले आणि २३ मार्चला कोविडमुळे थांबला. टीव्हीचा पैसा थांबला की क्लबांचे पगार थांबतात, त्यामुळे बोर्डाचे अध्यक्ष पीटर व्हलँडिस यांनी हट्टच धरला की मेमध्ये पुन्हा सुरू करायचंच, लोक हसले, पण २८ मेला ब्रिस्बेनला रिकाम्या स्टेडियममध्ये ब्रॉन्कोज विरुद्ध ईल्स मॅच झालीसुद्धा, ईल्स ३४-६ ने जिंकले. (वरच्या ताईंच्या मुलाला विचारा, त्याला पाठ असेल.)

सीझन २५ राउंडचा होता तो २० चा केला, आधी झालेले दोन त्यात धरले. आणि या थांबलेल्या दोन महिन्यांत नियमही बदलून घेतले. सिक्स अगेन आला आणि मैदानावर २००९ पासून दोन रेफरी असायचे तिथे एकच ठेवला. रेफरींची संघटना चिडली, न विचारता आमची माणसं कशी काढता म्हणून कामगार न्यायाधिकरणापर्यंत गेली, शेवटी तडजोड झाली आणि एकच रेफरी राहिला. माझं मत विचाराल तर सीझनच्या मध्ये नियम बदलणं वाईटच, पॉइंट टेबल एकच आणि त्यात दोन वेगळे खेळ मोजलेले. पण तेव्हा भांडायला कुणाकडे वेळ होता, सगळ्यांना मॅच पाहिजे होत्या.

मला त्या वर्षातलं सगळ्यात लक्षात राहिलेलं म्हणजे न्यूझीलंड वॉरियर्स. एनआरएलमध्ये ऑस्ट्रेलियाबाहेरची ही एकच टीम, सीमा बंद, म्हणून ही पोरं मेमध्ये टॅमवर्थ नावाच्या गावात येऊन राहिली, मग सिडनीच्या उत्तरेला, बायकापोरं कित्येकांची मागे घरी. सीझन संपला, पुढचाही संपला, तरी हे परदेशातच. ऑकलंडला स्वतःच्या मैदानावर परत खेळले ते थेट ३ जुलै २०२२ ला, वेस्ट्स टायगर्सला २२-२ ने हरवलं, आणि स्टेडियम फुल. होम मॅच म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं म्हणा.

प्रश्न: मी २० वर्षं कबड्डी खेळलो. कुठलाही नियम आला की पहिल्या आठवड्यात पळवाट सापडते. तुमच्या त्या सिक्स अगेनमध्ये बचाववाल्यांनी काय केलं? (कोल्हापूर)

दादा, हा या वेळचा सगळ्यात भारी प्रश्न, आणि तुम्हाला उत्तर माहितीय असंच वाटतंय मला.

हिशोब करा. समोरची टीम स्वतःच्या गोलजवळ आहे, त्यांचा पहिलाच टॅकल झालाय, म्हणजे पाच शिल्लक. तुम्ही मुद्दाम दोन सेकंद जास्त लोळलात, घंटी वाजली, मोजणी पुन्हा सुरू. त्यांना मिळालं काय? एक टॅकल. आणि तुमची लाइन मात्र आरामात मागे जाऊन उभी. पूर्वी पेनल्टी असती तर तेच लोक बॉल बाहेर मारून ३०-४० मीटर पुढे आले असते. म्हणजे शिक्षा स्वस्त झाली हो! मग हुशार टीमनी काय केलं, सेटच्या म्हणजे सहा टॅकलच्या सुरुवातीला, लांबवर, चुका करायच्या ठरवूनच. २०२१ ला बोर्डाने वरून १० मीटर मागे न जाण्यालाही पेनल्टीऐवजी सिक्स अगेनच लावला, त्यामुळे हे आणखी सोपं झालं.

आपल्या प्रो कबड्डीत हेच झालंय की. दोन रिकाम्या रेड झाल्या की तिसरी डू-ऑर-डाय, हा नियम वेळकाढूपणा मोडायला आणला, आणि झालं काय तर टीम दोन रेड मुद्दाम रिकाम्या घालवून तिसरीची वाट बघत बसायला लागल्या. वेळकाढूपणा बंद नाही झाला, त्याचा प्लॅन झाला.

दुसरी गोष्ट जी कुणी धरली नव्हती ती म्हणजे दमछाक. खेळ थांबतच नाही म्हटल्यावर जी टीम एकदा मागे ढकलली गेली तिला सावरायला जागाच राहिली नाही, पूर्वी एखादी पेनल्टी, एखादा स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे गडी एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करतात तो, असा श्वास मिळायचा (२०२१ मध्ये बॉल साइडलाइनबाहेर गेल्यावरचा स्क्रमही काढून टाकला होता). त्यामुळे चांगल्या आणि वाईट टीममधलं अंतर एकदम फुगलं. २०२० मध्ये पेनरिथ पँथर्स साखळीत २० पैकी १८ जिंकले, एक बरोबरी, एकच हार, आणि फायनलला मात्र स्टॉर्मने त्यांना २६-२० ने हरवलं. २०२१ मध्ये त्याच स्टॉर्मने ओळीने १९ मॅच जिंकल्या. आणि स्कोअर काय, साउथ सिडनी रॅबिटोज स्टॉर्मकडून ५०-० ने हरले, अडीच आठवड्यांनी पेनरिथकडून ५६-१२ ने. बरं ही काही तळातली टीम नव्हती, हीच टीम त्या वर्षी फायनलला गेली आणि पेनरिथशी १४-१२ अशी जेमतेम हरली! चांगल्या टीमचा वाईट दिवस म्हणजे थेट पन्नास पॉइंट, अशी अवस्था.

२०२२ ला बोर्डाने अर्धं पाऊल मागे घेतलं. आक्रमण करणारी टीम स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर अशा चुकीला पुन्हा जुनी पूर्ण पेनल्टी, त्याच्या पुढे असेल तर सिक्स अगेन. म्हणजे स्वस्तातली पळवाट जिथे होती नेमकी तिथेच कुंपण घातलं. हे मला पटलं. नियम मुळात चुकीचा नव्हता, त्याची किंमत चुकीची लावली होती, आणि कोचला किंमत पहिल्यांदा कळते, बोर्डाला नंतर.

प्रश्न: ड्रॉप गोलला कधी १ पॉइंट, कधी २ दाखवतात. स्कोअरबोर्ड चुकतो का? आणि ते कॅप्टन्स चॅलेंज कधीपासून आहे? (नाशिक)

नाही चुकत. चालत्या खेळात बॉल जमिनीवर टाकून उसळताना मारलेला ड्रॉप गोल म्हणजे १ पॉइंट. २०२१ पासून एनआरएलमध्ये तोच ४० मीटरच्या पलीकडून मारला तर २. ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं, ४ चा, त्यानंतरची किक २ ची, पेनल्टी किकही २ ची. दोनने मागे असलेल्या टीमला शेवटच्या मिनिटाला काहीतरी आशा राहावी म्हणून ही सोय, पण रोज बघायला मिळेल असं समजू नका.

याच प्रश्नात तुम्ही कॅप्टन्स चॅलेंजचं विचारलंय, ते २०२० च्या सुरुवातीपासून आहे, क्रिकेटच्या डीआरएससारखंच, बरोबर ठरलात तर चॅलेंज शाबूत, चुकलात तर गेलं.

प्रश्न: १७ टीम ही काय संख्या झाली? आणि शेवटच्या नंबरची टीम खाली का जात नाही, फुटबॉलसारखी? (ठाणे)

१७ झाल्या २०२३ मध्ये, ब्रिस्बेनच्या उत्तरेच्या रेडक्लिफची डॉल्फिन्स आल्यावर. विषम संख्या म्हणून दर राउंडला कुणीतरी एक सुट्टीवर, याला बाय म्हणतात आणि बायचेही २ पॉइंट मिळतात, जिंकल्यासारखे. म्हणून राउंड २७ आणि प्रत्येकाच्या मॅच २४. टेबल बघताना कुणाचे किती बाय झाले ते न बघता "आमची टीम वर आली" म्हणून नाचू नका, हे अनुभवाचे बोल आहेत. पहिल्या आठ टीम फायनल्समध्ये जातात, त्यातल्या वरच्या चारांना पहिल्या आठवड्यात हरलं तरी एक संधी आणखी मिळते, खालच्या चारांना नाही. पर्थ बेअर्स २०२७ ला आणि पापुआ न्यू गिनीची टीम २०२८ ला येणार असं जाहीर झालंय, म्हणजे १८ आणि मग परत विषमच.

खाली जाणं तिथे नाही, पण याचा अर्थ टीम सुरक्षित असतात असं नाही. १९९७ मध्ये टीव्हीच्या पैशावरून भांडण होऊन दोन वेगळ्या लीग चालल्या, १९९८ ला एकत्र येऊन एनआरएल झाली ती २० टीमची, आणि ठरलं की २००० पर्यंत १४ करायच्या. कुणी एकमेकांत विलीन झाले, आणि साउथ सिडनी, सुरुवातीपासूनचा जुना क्लब, त्याला सरळ बाहेर काढलं. लोक हजारोंनी रस्त्यावर आले, कोर्टकचेरी झाली आणि २००२ ला क्लब परत आला, २०१४ ला तर चॅम्पियन झाला. एक्सेल शीटवर टीम कापणं सोपं असतं.

वरखाली जाणं बघायचं तर इंग्लंडच्या सुपर लीगकडे बघा. तिथे २०१५ ते २०१८ एक अफलातून रचना होती. वरच्या डिव्हिजनच्या १२ आणि खालच्या १२ टीम, ठराविक मॅच झाल्या की यांचे आठ-आठचे तीन गट. मधल्या गटात वरच्या डिव्हिजनचे शेवटचे चार आणि खालच्याचे पहिले चार, सगळ्यांचे पॉइंट शून्य, पुन्हा खेळा. पहिले तीन पुढच्या वर्षी सुपर लीगमध्ये, आणि चौथा-पाचवा यांच्यात एक मॅच, नाव मिलियन पाउंड गेम. २०१६ ला हल केआर घरच्या मैदानावर सॅलफर्डविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पुढे होते, बरोबरी झाली, जादा वेळेत एक लांबचा ड्रॉप गोल आणि १८-१९ ने खाली. बघणाऱ्याला थरार, पण क्लबमध्ये काम करणाऱ्याची नोकरी त्या एका किकवर. २०१९ पासून ती रचना बंद केली, आणि मला ती आवडायची तरी बंद केली ते बरंच झालं असं म्हणेन, पुढच्या वर्षी आपण कुठल्या डिव्हिजनला असू हे ऑक्टोबरपर्यंत माहीत नसेल तर खेळाडू साइन कसे करायचे सांगा. तो हल केआर मात्र वर्षभरात वर आला आणि २०२५ मध्ये चॅलेंज कप, लीग लीडर्स शील्ड आणि ग्रँड फायनल तिन्ही घेऊन गेला.

आता तिथे क्लबांना मैदान, पैसा, प्रेक्षक वगैरेवरून ग्रेड देतात. लंडन ब्रॉन्कोज २०२३ ला खेळून वर आले आणि ग्रेड कमी म्हणून २०२४ नंतर खाली गेले, सीझन सुरू व्हायच्या आधीच त्यांना जवळपास कळलेलं होतं. हे मला अजिबात आवडलेलं नाही, काय खेळायचं मग.

प्रश्न: २०२५ मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग बघायला गेलो होतो. राहुल बोस खेळायचे ते रग्बी हेच ना? तिथे कुणी टॅकल मोजताना दिसलं नाही. (मुंबई)

दिसणारच नाही, तो दुसरा खेळ. १८९५ ला इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले, कारण शनिवारची मॅच खेळायची तर खाण-गिरणीतल्या कामगारांचा पगार बुडायचा आणि तो भरून द्यायला वरिष्ठ मंडळी तयार नव्हती. तिथून पुढे ते लीग झाले, उरलेले युनियन. लीगमध्ये १३ जण, युनियनमध्ये १५, आणि युनियनमध्ये टॅकलची मर्यादा नाही, पाडल्यावर बॉलसाठी ढकलाढकली चालूच राहते. बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ते युनियन, राहुल बोस खेळले तेही, आणि तुम्ही अंधेरीला बघितलंत ते त्याचंच ७ जणांचं छोटं रूप. तेव्हा पुढच्या वेळी तिकडे जाऊन "सिक्स अगेन" ओरडलात तर शेजारचा माणूस क्रिकेटचा स्कोअर विचारताय समजून मोबाइल काढेल.