तलाव पश्चिमेला, प्लॉट लहान

प्रश्न : नागपुरात एका तलावाजवळच्या लेआउटमध्ये आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट असून तलाव पश्चिमेला आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या सासूबाई असे पाच जण तेथे राहणार आहोत. तलावाच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच असावी आणि सासूबाईंची खोली तळमजल्यावर असावी, अशी आमची इच्छा आहे. आपला सल्ला काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही इच्छा स्वाभाविक आहेत; पण पहिलीच्या आड नागपूरचे ऊन येते आणि दुसरीच्या आड पाणी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांचे जे हाल झाले ते आपल्याला ठाऊक असतीलच. जोते तीन फूट उचलले की काम भागेल, असे कोणी सुचवील. मात्र १ ला १२ या उताराने तेवढ्या उंचीसाठी ३६ फुटांचा रॅम्प लागतो आणि प्लॉटची एक बाजू त्यातच संपते. त्यापेक्षा खाली वाहनांपुरते स्टिल्ट (खांबांवर उभा मोकळा तळ) ठेवावे, पहिल्या मजल्यावर बैठक, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली एकाच पातळीत घ्यावी आणि आपल्या व मुलांच्या खोल्या त्यावर न्याव्यात. यासाठी लहान लिफ्टचा खर्च अटळ आहे. तिचा खड्डा जलरोधक करावा, यंत्रणा वर ठेवावी आणि पावसाळ्यात रात्री ती वरच्या मजल्यावर उभी करावी. इन्व्हर्टरही वरच असू द्यावा. सांडपाण्याच्या वाहिनीला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, अन्यथा पाणी दारातून येण्याआधी संडासातून येते.

आता काच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारनंतर उतरता सूर्य छज्ज्याखालून थेट आत शिरतो. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा चांगले काम करतो, पश्चिमेला तो जवळपास निरुपयोगी ठरतो. म्हणून तलावाच्या बाजूची निम्मी भिंत जिना आणि न्हाणीघराला द्यावी, म्हणजे ऊन त्या खोल्या झेलतील, आणि उरलेल्या निम्म्या भागात सहा फूट खोल पडवी काढून तिच्या बाहेरच्या कडेला सरकत्या उभ्या झडपा बसवाव्यात. काच पडवीच्या आत राहील. ऊन उतरल्यावर झडपा सारल्या की पूर्ण तलाव दिसेल. डासांची जाळी मात्र विसरू नये.

कूलरची जागा नकाशातच ठरवावी आणि त्याची हवा बाहेर पडण्यासाठी समोरच्या बाजूला झरोका ठेवावा. आपल्याकडे घर बांधून झाल्यावर खिडकीला लोखंडी स्टँड ठोकतात आणि लाखो रुपयांचा देखावा कूलरच्या पाठीआड जातो.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तेव्हा पायाचा प्रकार माती परीक्षणानंतरच ठरवावा. त्याही आधी प्लॉट पूररेषेत येतो का, याची लेखी माहिती महानगरपालिकेकडून घ्यावी. वास्तुविशारदाचे शुल्क त्यानंतर भरावे.