सगळा पीसी हप्त्यावर, की आधी अर्धा रोखीने?

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. हातात ४१,००० रुपये येतात. मानेवाड्याला आईवडिलांसोबत राहतो. घरी १२,००० देतो, गाडीचा हप्ता ४,२००, एसआयपी ५,०००. खर्च जाऊन महिन्याला ११,००० उरतात. एफडी १,१०,००० ची आणि बचत खात्यात ३५,००० आहेत. गेमिंग पीसी बनवायचा आहे. बर्डीवरच्या दुकानातून कोटेशन आणलं : ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी ४७,०००, प्रोसेसर रायझन ५ ७६००एक्स १८,५००, मदरबोर्ड १२,०००, ३२ जीबी रॅम ३०,०००, एसएसडी ९,०००, प्रोसेसरसाठी लिक्विड कूलर आणि लाइटवाला कॅबिनेट मिळून १७,०००, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) २,५००, मॉनिटर १२,०००. एकूण १,४८,०००. दुकानदार म्हणतो, १३,००० चे १२ हप्ते करा, व्याज शून्य, फक्त १,५०० फाइल चार्ज. वर्षभर एसआयपी थांबवली तर जमेल. पुढे यूट्यूबवर स्ट्रीमिंग करून पैसे वसूल करायचा विचार आहे. घेऊ का?

उत्तर : पीसी घ्या. हौसेला माझी ना नाही, आणि आईवडिलांना पैसे देऊन, एसआयपी सांभाळून महिन्याला ११,००० मागे टाकणारा मुलगा उधळ्या नसतो. पण हा पीसी या पद्धतीने घेऊ नका.

आधी त्या शून्य व्याजाचं बघू. १३,००० चे १२ हप्ते म्हणजे १,५६,०००, त्यात १,५०० फाइल चार्ज. रोखीपेक्षा ९,५०० जास्त. वरवर हे साडेसहा टक्क्यांच्या आत दिसतं, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा दर वर्षाला पावणेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं होतं. तरी मला जास्त खुपतो तो हप्ता. उरतात ११,०००, हप्ता १३,००० चा. दोन्ही हप्ते मिळून १७,२००, म्हणजे पगाराच्या ४२ टक्के. एफडीला तर हातच लावू नका. एसआयपी न धरता तुमचा महिना २५,००० च्या आसपास जातो, त्या हिशेबाने ही ठेव जेमतेम चार महिन्यांची सोय आहे. उद्या नोकरी गेली किंवा वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं तर दुसरं काही हाताशी नाही.

आता कोटेशन. थंड हवा आणि लाइटवर १७,००० आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा, त्या एसएमपीएसवर २,५००! हे वाचून मी पेन खाली ठेवलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे लाइट दोनदा गेली-आली आणि भाच्याच्या कॉम्प्युटरमधून 'फट्' असा आवाज झाला. खोलीत कूलर सुरू होता, तरी खसच्या वासावर जळक्या प्लास्टिकचा वास चढला. कॅबिनेट उघडला तर एसएमपीएसच्या पंख्याच्या जाळीवर काळा डाग, आणि मदरबोर्डही गेलेला. तो एसएमपीएस दोन हजारांच्या आतला होता. बोर्ड नवा घ्यावा लागला, आणि भाच्याची परीक्षा आठ दिवसांवर होती. तेव्हापासून या एका पार्टवर मी कुणाला काटकसर करू देत नाही.

लिक्विड कूलरमुळे नागपूरची हवा बदलत नाही. त्याचा रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना तुमच्या खोलीत जी हवा असेल तीच तो आत ओढणार. ७६००एक्स हा १०५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि जोर लागला की ९५ अंशांपर्यंत जायला मुळातच मोकळा ठेवलेला. इथल्या उन्हाळ्यात ६५ वॉटचा प्रोसेसर आणि पुढून जाळीचा साधा कॅबिनेट जास्त सुखात ठेवतो. कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ओल आणि धूळ थेट आत जाते.

म्हणून माझी मांडणी अशी. प्रोसेसर रायझन ५ ८६००जी घ्या. त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, व्हॅलोरंटसारखे गेम कार्डाशिवाय छान चालतात. नवे जड गेम मात्र सेटिंग उतरवूनच खेळावे लागतील. त्याच्यासोबत कूलर येतो, वेगळा घ्यायला नको. अंदाजे १८,००० धरा. मदरबोर्ड १२,००० चाच ठेवा, फक्त त्याचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ८६००जी ओळखेल इतका नवा आहे का, हे दुकानात बसूनच बघून घ्या. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, १५,०००. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका पट्टीवर ते अर्धमेलं होतं. एसएसडी ९,०००, जाळीचा कॅबिनेट ४,०००, नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॉट ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणाऱ्या दर्जाचा) एसएमपीएस ५,५००, यूपीएस ४,५००. बेरीज ६८,०००. तुमच्याकडे ३५,००० आहेत आणि तीन महिन्यांची बचत ३३,०००. एक रुपया कर्ज नाही, एसआयपी सुरूच. या खरेदीनंतर बचत खातं जवळजवळ रिकामं होईल, पण एफडी शाबूत असेल. मॉनिटर तूर्तास घरातला किंवा मित्राचा जुना वापरा.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत ५५,००० जमतात. तेव्हा कार्ड घ्या, त्या दिवशीच्या भावाने. ५०६० टीआय १८० वॉटचं आहे, हाच एसएमपीएस ते पेलेल, आणि ते प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटांपैकी (लेन) आठच वापरत असल्याने ८६००जीवर अडणारही नाही.

तोवर भाव वाढले तर? रॅमच्या बाबतीत भीती खरी आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. थांबलं की स्वस्त मिळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. म्हणूनच ३२ ऐवजी १६ जीबी सुचवलं. पण भीतीपोटी आज रॅम, पुढच्या महिन्यात बोर्ड असे सुटे पार्ट घेऊन कपाटात ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, आणि जोडून बघितल्याशिवाय पार्ट खराब आहे हे कळत नाही. पैसे साठवा, पहिल्या टप्प्याचे पार्ट एकाच दिवशी घ्या.

बिल पक्कंच घ्या. 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल' असं कुणी म्हणालं तर ते १८ टक्के वाचवण्याच्या नादात तीन वर्षांची वॉरंटी अडचणीत येते. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

स्ट्रीमिंगची कमाई हिशेबात धरू नका. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा, तोही लांबचाच. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात येतो. पहिल्या टप्प्यातल्या मशीनवरून स्ट्रीमिंग सुरू करून बघा. सहा महिने टिकलात तर कार्ड घेताना मन मोकळं राहील.

लाइट बिलही बघा. कार्ड लागल्यावर मशीन ३५० वॉट ओढतं असं धरलं तर रोज चार तासांचे महिन्याला ४२ युनिट होतात. उन्हाळ्यात कूलरमुळे तुमचं घर ३०० युनिटच्या काठावर असेल, तर वरचे युनिट महावितरणच्या महागड्या स्लॅबमध्ये जातील. तो फरक घरच्या १२,००० मधून जाऊ देऊ नका, वरून द्या.

आणि पीसी घरी आणायच्या आधी वायरमनला बोलावून तुमच्या खोलीतल्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत प्लगला तिसरं भोक असतं, त्यामागे वायर नसते.