कागद बोलेल तेवढंच

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या आरंभकाळाचा इतिहास शिकायचा, आणि पुढे वर्गापुरतं न राहता वर्तमानपत्रांत, संग्रहालयांत, वेळ पडली तर न्यायालयातही बोलायचं, हा तुझा बेत वाचून मला मनापासून आनंद झाला. घरचे विचारतात, "त्याचा आपल्याशी काय संबंध?" त्यांना जोतीराव फुल्यांची अर्पणपत्रिका दाखव. 1873 साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात राहणाऱ्या जोतीरावांना तो इतिहास परका वाटला नव्हता.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ओहायोतल्या पाइक काउंटीच्या एका स्थानिक पत्रात मॅडिसन हेमिंग्ज या सुताराची जबानी छापून आली. माझी आई सॅली थॉमस जेफरसनची गुलाम होती आणि आम्हा भावंडांचा बाप जेफरसनच, असं त्याने स्वच्छ सांगितलं. पॅरिसमध्ये असताना आई परत यायला तयार नव्हती, कारण फ्रान्समध्ये ती स्वतंत्र होऊ शकत होती. तिची मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांना मोकळं करीन, असं वचन देऊन जेफरसनने तिला परत आणलं, हेही त्याने सांगितलं. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आणि आयुष्यभरात 600हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगणाऱ्या माणसाविषयीची ही साक्ष होती. पुढची शंभरहून अधिक वर्षं बहुतेक नामवंत अभ्यासकांनी ती बाजूला सारली. बोलणारा पूर्वीचा गुलाम, आणि लिहून घेणारा संपादक गुलामगिरीच्या विरोधातला, एवढं कारण त्यांना पुरलं. त्याऐवजी जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं धरलं गेलं, की या मुलांचा बाप जेफरसन नव्हे, त्याचा भाचा.

हा निवाडा ज्यांनी फिरवला त्या ॲनेट गॉर्डन-रीड यांनी इतिहासात पीएच.डी. केलेली नव्हती. त्या वकील. टेक्सासमध्ये वाढलेल्या, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या, न्यूयॉर्कमध्ये आधी वकिली आणि मग कायद्याचं अध्यापन केलेल्या. 1997 सालच्या पुस्तकात त्यांनी दोन्ही बाजूंच्या साक्षींना एकच कसोटी लावली. नातवाने पीटर कार या भाच्याचं नाव घेतलं होतं. नातीने 1858च्या पत्रात पीटरच्या भावाकडे, सॅम्युअलकडे, बोट दाखवलं होतं. म्हणजे घरच्यांच्याच साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या, तरी त्या ग्राह्य धरल्या गेल्या. मॅडिसनचं म्हणणं मात्र कागदांशी जुळत होतं. जेफरसन कुठल्या तारखांना मॉन्टिसेलोत, म्हणजे व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यावरच्या घरी, होता याची जंत्री त्याच्या चरित्रकारांनीच करून ठेवली होती. सॅलीच्या एकेका मुलाच्या जन्मतारखेवरून मागे जाऊन पाहिलं, तर गर्भधारणेच्या सुमारास दरवेळी तो घरीच असल्याचं दिसतं.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर 1998मध्ये, डीएनए चाचणीचा निकाल 'नेचर'मध्ये आला. मॅडिसनचा भाऊ एस्टन याच्या वंशजाचं वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाकडे जातं, जेफरसन घराण्याशी जुळलं, कार घराण्याशी जुळलं नाही. लोक म्हणतात, विज्ञानाने प्रश्न सोडवला. तसं म्हणू नकोस. बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता, एवढंच ती चाचणी सांगते. तो कोणता, हे ठरवायला पुन्हा कागद, तारखा आणि मॅडिसनचीच जबानी लागते. मॉन्टिसेलोचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने 2000 साली हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं आणि जेफरसनच बाप असण्याची शक्यता फार मोठी आहे असा अहवाल दिला. 2018मध्ये तिथे सॅली हेमिंग्जवर वेगळं दालन उघडलं. मला यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की पुस्तक आधी आलं आणि चाचणी नंतर. चाचणी झालीच नसती तरी ती मांडणी उभीच राहिली असती. पुढे हेमिंग्ज कुटुंबावरच्या ग्रंथासाठी 2009 साली गॉर्डन-रीड यांना इतिहासाचं पुलित्झर मिळालं. इतिहासासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका.

तुला लोकांत वावरायचं आहे म्हणून हे सविस्तर लिहिलं. व्यासपीठावर, कॅमेऱ्यासमोर तुला घाई केली जाईल. हो की नाही एवढंच सांगा, म्हणतील. तेव्हा तुझ्याजवळ एवढंच असेल: कोणत्या साक्षीला किती वजन द्यायचं आणि का.

आणि हे वजन आपल्या आवडीच्या निष्कर्षालाही तितक्याच कठोरपणे लावावं लागतं. मायकेल बेलेसाइल्स यांचं उदाहरण विसरू नकोस. मृत माणसांच्या मालमत्तेच्या याद्या तपासून त्यांनी 2000 साली असं मांडलं, की सुरुवातीच्या अमेरिकेत बंदुका फार थोड्या घरांत होत्या. बंदुकांवर निर्बंध हवेत असं म्हणणाऱ्यांना हा आधार हवाच होता. कौतुक झालं, कोलंबिया विद्यापीठाचं इतिहासलेखनासाठीचं बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालं. मग इतरांनी त्याच याद्या उघडल्या आणि आकडे जुळेनात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या नोंदी पाहिल्याचं त्यांनी सांगितलं होतं, त्या 1906च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्याचं पुढे आलं. 2002मध्ये त्यांनी विद्यापीठातली नोकरी सोडली आणि कोलंबिया विद्यापीठाने पारितोषिक परत घेतलं. या प्रकरणाने त्यांच्या बाजूच्या प्रामाणिक अभ्यासकांचंही फार नुकसान केलं. तुझी प्रत्येक टिपणी, प्रत्येक यादीचा फोटो, पेटी आणि पुडक्याचा क्रमांक असा ठेव, की उद्या तुझ्या विरोधकाने मागितला तर त्याच दिवशी देता यावा.

लेस्ली हॅरिस यांनी जे केलं ते मला याहून अवघड वाटतं. न्यूयॉर्कमधल्या गुलामगिरीच्या त्या अभ्यासक. 2019मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने 1619 प्रकल्प, म्हणजे गुलामगिरी केंद्रस्थानी ठेवून अमेरिकेचा इतिहास सांगणारी लेखमाला, काढला तेव्हा तथ्यं तपासण्यासाठी त्यांना विचारलं गेलं. वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारलं त्याचं एक मुख्य कारण गुलामगिरी टिकवणं हे होतं, या विधानावर त्यांनी जोरदार हरकत घेतली. व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने नोव्हेंबर 1775मध्ये बंडखोरांच्या गुलामांना ब्रिटिश सैन्यात आल्यास स्वातंत्र्य देऊ केलं आणि व्हर्जिनियातले मळेवाले बिथरले, हे खरंच. पण लढाई त्याआधीच एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्सात पेटली होती. तरी ते विधान छापलं गेलं. डिसेंबरमध्ये गॉर्डन वुड, शॉन विलेंट्झ आदी पाच इतिहासकारांनी प्रकल्पावर टीकेचं पत्र लिहिलं. मार्च 2020मध्ये हॅरिस यांनी जाहीरपणे दोन्ही गोष्टी लिहिल्या: ते विधान चूक होतं, आणि गुलामगिरीला अमेरिकेच्या इतिहासाच्या मध्यभागी आणणारा हा प्रकल्प गरजेचा होता. त्याच महिन्यात टाइम्सने ते वाक्य सौम्य करून 'काही वसाहतवाल्यांच्या' हेतूपुरतं मर्यादित केलं. अशी दोन वाक्यं एका श्वासात म्हटली की दोन्हीकडचे लोक रुसतात. तुझ्यावरही रुसतील. माझं मत विचारशील तर त्या सगळ्या वादात मला हॅरिस यांचाच लेख सर्वांत प्रामाणिक वाटला.

न्यायालयाबद्दल तू विचारलंस. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022च्या ब्रुएन निकालानंतर बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे हे सरकारला दाखवावं लागतं, त्यामुळे अठराव्या शतकाच्या जाणकारांना साक्षीला बोलावणं आता नेहमीचं झालं आहे. काम महत्त्वाचं आहे, तयारीने कर. पण वकिलाला जिंकायचं असतं. मी काय म्हणणार नाही, हे त्याला पहिल्याच भेटीत लेखी दे. आणि निकालावर आपल्या कामाची किंमत ठरवू नकोस. 2008च्या हेलर खटल्यात जॅक राकोव्ह आणि इतर इतिहासकारांनी शस्त्रं बाळगण्याच्या हक्काविषयीची दुसरी घटनादुरुस्ती ही मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाच्या, संदर्भातली आहे असं निवेदन दिलं होतं. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट कौल दिला, की हा हक्क व्यक्तीचा आहे. ते निवेदन आजही वाचण्याजोगं आहे.

पोटापाण्याचं थोडक्यात लिहितो. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि पीएच.डी.ला सहा-सात वर्षं सहज जातात. म्हणून संग्रहालयं, राष्ट्रीय उद्यानं, संस्थापकांची पत्रं संपादित करणारे प्रकल्प, या वाटा पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर ठेव. शिष्यवृत्तीशिवाय प्रवेश घेऊ नकोस. जुनं हस्ताक्षर वाचायला आत्तापासून शीक. आपल्याकडे मोडी न शिकता पेशवे दफ्तरात जाता येत नाही, तिथेही तेच.

तिकडे जाईपर्यंत थांबायचीही गरज नाही. 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, जेम्स मॅडिसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन यांची 1 लाख 80 हजारांहून अधिक पत्रं-कागद मोफत वाचता येतात. मॅडिसन हेमिंग्जची जबानी आणि नातीचं 1858चं पत्रही इंटरनेटवर सापडेल. दोन्ही वाच. कुणावरची टीका-टिप्पणी आधी वाचू नकोस. कोणाच्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवशील आणि का, ते दोन पानांत मराठीतच लिहून मला पाठव. त्यावर बोलू, मग विद्यापीठांच्या अर्जांकडे वळू.

तुझा,
सर