वाचकांचे प्रश्न : एम्ब्रॉयडरी मशीन खडखडते, पण नेमके कुठून?

प्रश्न : आमचे १५ निडलचे सिंगल हेड मशीन आहे. ५०० च्या स्पीडला (मिनिटाला ५०० टाके) गुपचूप चालते, ७०० केले की खडखड सुरू होते. मेकॅनिक म्हणतात हुक बदला. बदलायचे का?
– एक वाचक, जालना

उत्तर : इतक्यात नको. हुक म्हणजे सुईखाली फिरून वरचा धागा खालच्या धाग्यात गुंतवणारा भाग. आधी आवाज कुठून येतो ते पक्के करा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि पैसा लागत नाही.

सेटिंगमधून धागा तुटल्याचा सेन्सर बंद करा, सुयांतले धागे ओढून घ्या आणि बॉबिन केस (खालच्या धाग्याच्या रिळाची डबी) काढून मशीन मिनिटभर ७०० वर चालवा. खडखड गेली, तर दोष बॉबिनमध्ये किंवा केसमध्ये. ॲल्युमिनियमच्या बॉबिनची कड खाली पडून वाकते, मग ती केसमध्ये थडथडते. केसच्या आतली चपटी स्प्रिंग तुटली किंवा दबली तरी तोच आवाज. नवी बॉबिन आणि दुसरी केस घालून पाहिली की कळते.

आवाज तसाच राहिला, तर आता सुई बदलून ऐका : आधी १ नंबर, मग ८, मग १५. एकाच नंबरवर आवाज येत असेल, तर हुकाला हात लावायचे कारणच नाही. त्या सुईचा स्क्रू ढिला असेल, सुई पूर्ण वरपर्यंत बसलेली नसेल किंवा त्या निडल बारचे (सुई धरणाऱ्या दांडीचे) रबरी कुशन झिजले असेल. कुशन झिजले की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा कोरडा ‘टक’ येतो. वस्तू स्वस्त आहे, पण मूळ जाडीचीच घ्या. बाजारातल्या जाड रबराने बार पूर्ण वर जात नाही.

सगळ्याच सुयांवर आवाज सारखा असेल, तर मात्र खाली बघायचे. वीज बंद करून निडल प्लेटचे (सुईखालच्या पट्टीचे) स्क्रू काढा. जालन्याकडची धूळ आणि कापडाचा बारीक भुसा तेलात मिसळला की हुकाच्या खाचेत काळा चिकट थर बसतो. तो ब्रशने आणि चिमट्याने काढा. ब्लोअरने फुंकू नका, कचरा धागा कापणाऱ्या कटरच्या पात्यांखाली नाहीतर बोर्डात जाऊन बसतो. हुक साफ झाला की खाचेत तेलाचा एकच थेंब टाका, हाताने मुख्य शाफ्ट दोन-तीन वेळा फिरवा आणि मग मशीन चालवा.

स्पीड वाढवल्यावरच आवाज का, याचे कारण इथेच आहे. सुईच्या एका टाक्याला हुक दोन फेऱ्या मारतो. मशीन ७०० वर असते तेव्हा हुक मिनिटाला १४०० फेऱ्या घेतो. कोरडा हुक ५०० वर खपून जातो, ७०० वर ओरडतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात तेल पातळ होऊन उडतेही लवकर, म्हणून हिवाळ्याचे वेळापत्रक उन्हाळ्यात पुरत नाही.

तेलानंतरही आवाज राहिला तर शाफ्ट हाताने हळू फिरवा. दर फेरीत एकाच ठिकाणी अडकल्यासारखे वाटले, तर सुई हुकाला किंवा प्लेटला घासते आहे. बहुतेक मशीनींत हुकाचे टोक सुईमागून जाते ते मुख्य शाफ्टच्या फेरीत साधारण २०० अंशांच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. सुई आणि हुकाचे टोक यांच्यात कागदाच्या जाडीएवढीच फट हवी. हुकाची आतली बास्केट फिरू नये म्हणून जे बोट तिला धरून असते, त्याचा स्क्रूही तपासा. तो ढिला झाला की खडखड होते आणि फार आत सरकला की वरचा धागा अडकून तुटतो.

हे सगळे बघूनही बास्केट बोटाने हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा खाचेत नख अडकेल इतकी रेघ पडली असेल, तर मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे, हुक बदला. पण टायमिंग (सुई आणि हुकाचा मेळ) लावून न देणाऱ्या माणसाकडून बदलू नका.

आणखी एक. मशीन शहाबादी फरशीवर असेल आणि एक पाय अधांतरी असेल, तर सगळा स्टँड थरथरतो आणि आवाज हेडमधून येतोय असे वाटते. गवंड्याची पाणसळ ठेवून चारही पाय टेकवा.

प्रश्न : तेल दिले की पांढऱ्या कापडावर डाग पडतात, नाही दिले की आवाज. किती आणि कुठे द्यायचे? घरी खोबरेल आहे, चालेल का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : खोबरेल अजिबात नको. ते थंडीत गोठते आणि एरवी चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे पांढरे, पाण्यासारखे स्वच्छ तेल घ्या. गंज सोडवायचा स्प्रेही तेल म्हणून वापरू नका, तो आतले तेल धुऊन काढतो.

मशीन दिवसभर चालत असेल तर हुकाला दर चार-पाच तासांनी एक थेंब. निडल बारला आठवड्यातून एकदा, प्रत्येकी एक थेंब. डाग पडतात ते मुख्यतः इथूनच, कारण हात सैल सुटतो आणि तेल बारवरून ओघळून सुईच्या टोकाला येते. तेल दिल्यावर धागा न लावता चिंधीवर दोन मिनिटे मशीन चालवा, सगळ्या सुयांवर. हे काम सकाळी नाही, रात्री मशीन बंद करताना करा. जादा तेल रात्रभरात निथळते आणि सकाळी पुसता येते.

फ्रेम पुढे-मागे, डावी-उजवीकडे ज्या रुळांवर सरकते तिथे तेल नाही, पांढरे ग्रीस लागते. तीन महिन्यांतून एकदा जुने पुसून पातळ थर द्या. बेल्टला काहीच लावायचे नाही.

प्रश्न : पैठणीच्या ब्लाउजवर जरीचे काम करताना टक-टक आवाज येतो आणि जर सारखी तुटते. साध्या पॉलिएस्टर धाग्याला काही होत नाही.
– एक वाचक, पैठण

उत्तर : पॉलिएस्टर नीट चालते म्हणजे टायमिंग ठीक आहे, मशीन उघडू नका. टक-टक ही बोथट सुई काठाच्या विणलेल्या जरीतून आणि खालच्या कॅनव्हासमधून जबरदस्तीने घुसण्याची आहे. रोजची ७५/११ नंबरची सुई काढा आणि जरीसाठी मोठ्या डोळ्याची ९०/१४ लावा, टोक धारदार, गोल टोकाची नको. लांब खाच समोर, आखूड कोरलेली बाजू मागे, हुकाकडे. जड काठावर सुई लवकर संपते, तेव्हा आवाज बदलला की सुई बदला. सुई वाचवून ब्लाउज घालवण्यात हशील नाही.

स्पीड ५०० च्या आसपास ठेवा. वरचे टेन्शन पॉलिएस्टरपेक्षा सैल करा. जरीला पीळ बसतो, म्हणून रीळ आणि पहिला गाईड यांत अंतर जास्त ठेवा आणि रिळावर जाळी चढवा. खालच्या धाग्यासाठी केस धाग्याने लोंबकळत धरून हलका झटका द्या, केस दोन-तीन सेंटिमीटर खाली येऊन थांबली पाहिजे. सॅटिन टाक्याच्या उलट बाजूला मधोमध एक-तृतीयांश पांढरा धागा दिसला की जमले.

तरीही तुटत असेल तर डिझाइन पाहा. पंचिंग करणाऱ्याने (मशीनसाठी डिझाइनची फाइल बनवणाऱ्याने) पॉलिएस्टरचीच टाक्यांची घनता जरीला ठेवली असेल, तर एकाच भोकात सुई पुन्हा पुन्हा जाते. घनता कमी करून मागा.

प्रश्न : लाईट गेली-आली की डिझाइन सरकते आणि फ्रेम ‘गर्र’ करते. मोटर गेली का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : बहुधा नाही. मशीन उभे असताना फ्रेमच्या मोटरचा हलका गुंजारव असतो, तो नॉर्मल आहे. ‘गर्र’ म्हणजे फ्रेम हलायला गेली आणि अडकली, किंवा बेल्टचा दात सुटला. लाईट गेल्यावर फ्रेम हाताने ढकलू नका. लाईट आल्यावर मशीनला आधीची जागा शोधू द्या, मग दहा-वीस टाके मागे जाऊन सुरू करा. तरीही गर्र आली, तर वीज बंद करून फ्रेम हाताने टोकापासून टोकापर्यंत हळू सरकवा. जिथे जड लागेल तिथे रुळावर कचरा किंवा वाळलेले ग्रीस असते. सगळीकडे हलकी जाते पण बेल्ट लोंबतो, तर बेल्ट ताणून घ्या. फ्रेम हाताने हलवल्यावर सुरुवातीची जागा पुन्हा लावावी लागते.

नेमप्लेटवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या दीडपट क्षमतेचा ऑनलाइन यूपीएस घ्या, साधा इन्व्हर्टर पुरत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तो तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घाला आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.